सुटीतील साधना



परप्रांती राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांत उन्हाळ्याची सुटी म्हणजे गावाकडची वारी. तरीही पदवीच्या विद्यार्थ्याने एक उन्हाळा प्रयोगशाळेस द्यावा, अशी माझी विनंती आहे. बंगळुरू, नवी दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त योजनेत निवडलेला विद्यार्थी दोन महिने शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करतो. त्यास विद्यावेतनही मिळते. अर्जासोबत शिक्षकांचे शिफारसपत्र व स्वतःचे टिपण लागते. ते टिपण विद्यार्थ्यानेच लिहावे. गुणपत्रिकेत न दिसणारी जिज्ञासा तेथे दिसते. वर्गातील प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी असते. संशोधनातील प्रश्नाचे कोणाजवळच नसते. हा अनुभव मुलामुलींना घेऊ द्या. गावी आजी थोडी रुसेल; पण दिवाळीत नातवंडे तिला काही नवे सांगतील.