आधी मोजणी, मग आज्ञा
(घरचे हवामान केंद्र या विषयावरील भाषणाचा मजकूर)



वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. परंतु येथील पाण्याची व्यवस्था त्याहून कितीतरी जुनी आहे. कोहळी समाजातील पूर्वजांनी बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते 'माजी मालगुजारी', म्हणजेच लोकांच्या तोंडचे 'मामा तलाव' झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत अशा तलावांची संख्या ६ हजारांहून अधिक आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हा त्या परंपरेचा ठळक नमुना होय. ज्यांनी हे बांध घातले, त्यांना पाऊस किती पडतो आणि पाणी कोणत्या वाटेने जाते याचे बारीक ज्ञान होते. ते ज्ञान कागदावर नव्हते; पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले होते.

आज निरीक्षणाची साधने बदलली आहेत. पूर्वी जी उपकरणे केवळ वेधशाळेत दिसत, ती आता घराच्या अंगणात बसविता येतात. त्यांनी घेतलेली नोंद बिनतारी लहरींनी घरात येते आणि त्या नोंदीवरून पंप, दिवे वा भोंगा आपोआप चालू अथवा बंद करता येतो. या सोयीचा उपयोग धानउत्पादक जिल्ह्याला कसा होईल आणि कोठे सावधगिरी बाळगावी लागेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एका गावचा पाऊस

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. पुढे १९३२ मध्ये पुणे येथे कृषी हवामानशास्त्राची स्वतंत्र शाखा सुरू झाली आणि शेत व आकाश यांचा संबंध शास्त्रीय रीतीने तपासण्यास आरंभ झाला. देशभर पावसाची दैनिक मोजणी सकाळी साडेआठ वाजता होते. आदल्या सकाळच्या साडेआठपासून त्या क्षणापर्यंत पडलेले पाणी हा त्या दिवसाचा पाऊस. सर्वांनी एकच वेळ पाळल्यामुळेच एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

महाराष्ट्रात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांतून पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची माहिती मिळते. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी समजण्याची पद्धत आहे. म्हणजे मंडळाच्या केंद्रातील आकड्यावर अनेक कुटुंबांचे पुढील वर्ष अवलंबून असते.

परंतु पावसाळी ढग मंडळाच्या सीमा ओळखत नाहीत. एका गावच्या बांध्या तुडुंब भरतात आणि दोन कोसांवरील गावात रोवणी पाण्यावाचून अडते, हा अनुभव येथील कोणत्याही शेतकऱ्याला नवा नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स या शहरी २८ जुलै १९९७ रोजी असेच घडले. शहराच्या एका भागात प्रचंड वृष्टी होऊन पूर आला, माणसे दगावली. त्याच शहराच्या दुसऱ्या भागात पाऊस बेताचाच होता. या अनुभवावरून १९९८ मध्ये तेथे सामान्य नागरिकांचे पर्जन्यमापन मंडळ उभे राहिले. घरोघरी साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी नोंद करणारे हजारो स्वयंसेवक आज त्यात आहेत.

आपल्याकडेही मोजणी गावाच्या अधिक जवळ आणण्याचे धोरण स्वीकारले गेले आहे. केंद्र शासनाने २०२३ मध्ये आरंभिलेल्या 'विंड्स' कार्यक्रमात तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक अशी कल्पना आहे. घरच्या केंद्राला शासकीय नोंदीचे स्थान नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. तरीही नीट बसविलेल्या केंद्राची, खाडाखोड न करता ठेवलेली नोंदवही ग्रामपंचायतीच्या हाती असेल, तर नुकसानीच्या पाहणीसाठी प्रथम कोणत्या शिवारात जावे हे ठरविण्यास तिची मदत होते.

जागा चुकली की आकडा चुकतो

घरच्या केंद्रात सामान्यतः पर्जन्यमापक, तापमान व आर्द्रतेचे संवेदक, वाऱ्याची दिशा व वेग दाखविणारे यंत्र आणि घरात ठेवावयाचा दर्शक असतो. यांतील स्वयंचलित पर्जन्यमापकाची रचना मोठी सुबोध आहे. नरसाळ्यातून आलेले पाणी तराजूसारख्या दोन छोट्या पळ्यांपैकी एकीत पडते. ती ठरावीक प्रमाणात, बहुधा ०.२ मिलिमीटर पावसाइतकी, भरली की कलंडते आणि दुसरी तिच्या जागी येते. प्रत्येक कलंडणे मोजले जाते. पन्नास वेळा कलंडली म्हणजे १० मिलिमीटर पाऊस झाला.

हे यंत्र आंब्याच्या झाडाखाली अथवा कौलारू छपराच्या पागोळीजवळ बसविले, तर त्याचा आकडा निरर्थक ठरतो. जवळचे झाड वा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट, आणि शक्य असेल तर चौपट अंतर पर्जन्यमापकाने राखले पाहिजे. त्याचे तोंड पाणसळीत हवे. तापमानाचा संवेदक उन्हात ठेवल्यास तो हवेचे तापमान न दाखविता स्वतःचेच दाखवितो. म्हणून तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असावा. सिमेंटच्या गच्चीवर ठेवलेले यंत्र दुपारी शेतातील हवेपेक्षा अधिक तापमान सांगते, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक नेहमीची अडचण अशी की, नरसाळ्यात पाने अडकतात, आत मुंग्या व कोळी घर करतात आणि भर पावसात दर्शकावर शून्य दिसते. यास्तव मृगापूर्वी एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्यास सफाई करावी. आकडा खरा आहे की नाही, हे तपासण्याची रीत शाळेतील विद्यार्थ्यांनाही जमेल. नरसाळ्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर २०० मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १० मिलिमीटर पाऊस. तितके पाणी बारीक छिद्राच्या बाटलीतून अर्ध्या-पाऊण तासात सावकाश सोडावे. दर्शकावर १० च्या आसपास आकडा आला, तर यंत्र विश्वासास पात्र आहे. शिवाय शेजारी एक साधा, हाताने मोजावयाचा पर्जन्यमापक ठेवावा. दोहोंचे आकडे पहिल्या हंगामात रोज ताडून पाहावेत.

मोजणीतून आज्ञा

अशा रीतीने मोजणी पारखून घेतल्यानंतरच तिच्यावरून यंत्राला आज्ञा देण्याचा विचार करावा. अनेक शेतांवर पंपाला 'ऑटोस्विच' लावलेला असतो. वीज येताच पंप सुरू होतो. मग शेतात पाणी हवे असो वा नसो, रात्री पाऊस पडून गेलेला असो वा नसो. शिवाय एकाच रोहित्रावरील सारे पंप एकाच क्षणी सुरू झाल्याने त्याच्यावर भार येतो तो वेगळाच.

हवामान केंद्र जोडलेल्या घरात हीच गोष्ट निराळ्या रीतीने होऊ शकते. केंद्राची नोंद घरातील एका छोट्या संगणकाकडे जाते. त्यावरील आज्ञावलीत नियम लिहिलेला असतो: मागील बारा तासांत अमुक मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला असल्यास पंप बंद ठेवावा, नसल्यास वीज आल्यावर काही मिनिटे थांबून सुरू करावा. 'होम असिस्टंट' ही २०१३ मध्ये सुरू झालेली आणि सर्वांना विनामूल्य खुली असलेली आज्ञावली या कामासाठी जगभर वापरली जाते. ती घरातील संगणकावरच चालत असल्याने इंटरनेट बंद पडले तरी तिचे काम अडत नाही. ग्रामीण भागात हा गुण महत्त्वाचा होय.

या नियमामागील हिशेब प्रत्येकाने समजून घ्यावा. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. त्या मानाने एका एकरावर पडलेला २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी. एवढे पाणी आकाशाने दिले असता पंप चालविणे म्हणजे विजेचा आणि भूजलाचा अपव्ययच.

उन्हाळी धानाच्या बाबतीत याला आणखी एक जोड देता येते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने बांधीत सतत पाणी न ठेवता ओल व कोरड आळीपाळीने देण्याची पद्धत प्रचारात आणली. छिद्रे पाडलेली एक नळी बांधीत रोवतात. तीतील पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाणी द्यावयाचे. मात्र फुलोऱ्याच्या काळात बांधी कोरडी पडू द्यावयाची नाही. या पद्धतीने पाण्याची ३० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. नळीत पातळी मोजणारा संवेदक बसविला, तर पावसाची नोंद आणि बांधीतील पातळी या दोहोंचा मेळ घालून पंप चालविता येतो. पंपाच्या स्टार्टरची ही जोडणी जाणकार, परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

कापणीच्या दिवसांत उपयोग निराळा. धान कापून कडपा बांधीत पडलेल्या असताना अवकाळी पाऊस आला, तर चार महिन्यांचे श्रम पाण्यात जातात. वायुभार झपाट्याने उतरू लागला, आर्द्रता वाढली आणि वारा फिरला, तर घरातील भोंगा वाजावा, अशी व्यवस्था करता येते. खळ्यावर धान वाळत असेल, तर ताडपत्री टाकण्यास त्यामुळे थोडा अवधी मिळू शकतो. तथापि ही सूचना केवळ अंगणातील हवेवरून दिलेली असते. कापणी करावी की थांबावी, हे ठरविताना हवामान विभागाचा अंदाजच पाहिला पाहिजे.

यंत्राला जे दिसत नाही

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशात नदीच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, संजय सरोवरातून पाणी सोडण्यात आले आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. असा पूर अंगणातील पर्जन्यमापकाला कळत नाही. आपल्या गावी ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते. म्हणून नदीकाठच्या कुटुंबांनी आणि ग्रामपंचायतींनी घरच्या आकड्यावर विसंबून न राहता प्रशासनाचा इशारा हाच निर्णायक मानावा.

विजेच्या बाबतीतही तेच. पूर्व विदर्भात वीज पडून दरवर्षी माणसे व गुरे दगावतात, आणि त्यांत बांधीत रोवणी करणाऱ्या स्त्रियाही असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' उपयोजन परिसरात पडणाऱ्या विजांची सूचना देते. गावातील प्रत्येक मजूरटोळीत निदान एका भ्रमणध्वनीवर ते असावे. हवामान केंद्राचा उंच लोखंडी खांब भूसंपर्काविना उभारू नये आणि गडगडाट सुरू असताना यंत्राची दुरुस्ती करण्यास कोणीही जाऊ नये.

शाळा आणि ग्रामपंचायत

प्रत्येक घरी असे केंद्र असावे, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. एका गावात एक केंद्र आणि चार-पाच घरी साधे पर्जन्यमापक असले, तरी गावच्या पावसाचे चित्र पुरेसे स्पष्ट होते. शाळेचे पटांगण ही त्यासाठी उत्तम जागा होय. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने साडेआठची नोंद घ्यावी, तिचा आलेख फळ्यावर काढावा आणि मामा तलावाच्या पातळीशी तो ताडून पाहावा. किती पाऊस झाला असता तलाव किती चढतो, हे तीन-चार पावसाळ्यांच्या नोंदीतून गावाला उमगू लागेल. रब्बीसाठी पाणी किती सोडावे, याची चर्चा मग ग्रामसभेत अंदाजाने न होता आकड्यांच्या आधारे होऊ शकेल.

सुट्टीच्या दिवशी नोंद कोणी घ्यावी, वही कोणाच्या ताब्यात असावी, यंत्र बिघडल्यास खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, हे प्रश्न किरकोळ वाटतात. परंतु अशा उपक्रमांचे भवितव्य बहुधा त्यांच्यावरच ठरते. त्यांची उत्तरे यंत्र आणण्यापूर्वीच ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून ठेवावीत. ज्या दिवशी नोंद घेतली गेली नाही, त्या दिवसापुढे शून्य न लिहिता 'नोंद नाही' असे लिहावे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही; 'नोंद नाही' म्हणजे पाहिले गेले नाही. हा भेद ज्या वहीत पाळला जातो, तीच वही पुढे तहसील कार्यालयात, कृषी विभागात वा शेतकऱ्याच्या दारात भरवशाने उघडता येते.

नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी गावाने निदान एक पावसाळा साध्या पर्जन्यमापकाने रोजची नोंद ठेवून पाहावी. जे गाव जून ते सप्टेंबर एकही सकाळ न चुकविता साडेआठची नोंद ठेवील, त्याच्या हाती स्वयंचलित केंद्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. येत्या मृगापासून जिल्ह्यातील काही शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी हा प्रारंभ करावा, एवढेच या निमित्ताने सुचवावयाचे आहे.