गुप्त तह आणि सामान्य माणूस



मी पदवीधर नव्हे. करारमदार वाचायला शिकलो तो कामगारांच्या मागण्यांपायी. तेव्हा राष्ट्राराष्ट्रांच्या तहांवर बोलतानाही माझी मोजपट्टी कारखान्याच्या फाटकावरचीच राहणार.

१९१७ च्या नोव्हेंबरात रशियात बोल्शेविकांच्या हाती सत्ता आली. ट्रॉट्स्कीने झारच्या दप्तरातले गुप्त तह वर्तमानपत्रांत छापविले. इंग्लंडात ‘मँचेस्टर गार्डियन’ने ते वाचकांपुढे ठेवले. काय होते त्यांत? १९१५ च्या लंडन तहाने इटलीला सांगितले होते, आमच्या बाजूने युद्धात उतरा, ऑस्ट्रियाचा अमुक मुलूख तुमचा. १९१६ च्या साइक्स-पिको कराराने तुर्कांकडचा अरबी मुलूख इंग्रज-फ्रेंचांनी आपसांत वाटून घेतला. आणि त्याच सुमारास अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवून तुर्कांवर घालण्यात येत होते! खंदकात मरणाऱ्या शिपायाला आपण कशासाठी मरतो हे ठाऊक नव्हते; भाव मात्र ठरलेला होता.

१९१८ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी १४ कलमे मांडली. पहिलेच कलम असे की, तह उघड असावेत आणि वाटाघाटीही उघड व्हाव्यात. पुढल्याच वर्षी पॅरिसला हेच विल्सन बंद दाराआड बसले. लोक याला ढोंग म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही. प्रत्येक शब्द चव्हाट्यावर बोलायचा म्हटले तर तडजोड व्हायचीच नाही. मालकाशी बोलताना आम्हीही दार लावून घेतो. पण बाहेर आल्यावर सबंध करार फाटकावर वाचून दाखवायचा, त्यात चोरकलम ठेवायचे नाही, हा दंडक. कारण तो पाळायचा असतो आत न बसलेल्यांनी.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले १०२ वे कलम याच जातीचे आहे. सभासद राष्ट्रांनी तह नोंदवायचा, तो प्रसिद्ध व्हायचा. न नोंदविलेल्या तहाचा आधार संयुक्त राष्ट्रांपुढे घेता येत नाही. चांगले आहे. पण ज्याला तह लपवायचाच आहे तो नोंदणीला येईल कशाला?

आता जे सांगतो ते मजूर चळवळीतल्या माणसाला सांगताना जड जाते. २३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्कोत मोलोतोव आणि रिबेनट्रॉप यांनी अनाक्रमणाच्या करारावर सह्या केल्या. करार जाहीर झाला; सोबतची गुप्त पुरवणी झाली नाही. तिच्यात पोलंडच्या वाटणीची रेघ होती. युद्धानंतर जर्मन दप्तरातून ती बाहेर आली, तरी सोव्हिएत सरकार तिचे अस्तित्वच नाकारीत राहिले. ज्यांनी झारची तिजोरी फोडली, त्यांचेच हे सरकार! मॉस्कोच्या प्रतिनिधिसभेने पुरवणी कबूल केली ती १९८९ च्या डिसेंबरात. मोलोतोव ३ वर्षांपूर्वीच वारला होता.