मोटारीची खोळ

मुंबईसारख्या शहरांत ज्यांची मोटार उघड्यावर उभी असते, त्यांतील पुष्कळजण पावसाळा जवळ आला कीं जाड प्लॅस्टिकची खोळ विकत घेतात. पाण्याचा थेंबही आंत जाऊं नये, हा त्यांचा हेतु. परंतु पाऊस सोसण्यास गाडीचा रंग समर्थ असतो. त्याचें खरें नुकसान करतात तें कडक ऊन, पक्ष्यांची विष्ठा आणि कोंडलेली ओल.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईस २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व हवा सदैव दमट असते. हवाबंद खोळीखालीं जमिनींतील वाफ कोंडते, रात्रीं थंड पत्र्यावर तिचें पाणी होतें आणि तें लवकर सुकत नाहीं. जेथें रंगाचा टवका उडाला असेल, तेथें पाणी व प्राणवायु यांच्या योगानें गंज धरतो. समुद्राकांठच्या हवेंतील मीठ त्यास हातभार लावतें. म्हणून पाणी अडवूनही वाफ बाहेर सोडणारें, आंतून मऊ अस्तराचें कापड निवडावें.

खोळ गाडीच्या मापाची असावी व पोटाखालून पट्ट्यानें बांधावी. धुळीनें भरलेल्या गाडीवर ती घालूं नये. वाऱ्यानें हलतांना खालची धूळ काचकागदाप्रमाणें रंग घासते. ओल्या गाडीवरही घालूं नये, आणि उघडीप मिळतांच खोळ काढून दोन्ही वाळवाव्या. एवढें जमणार नसेल, तर पावसाळ्यांत गाडी उघडी ठेवून वरचेवर धुणेंच अधिक हिताचें.