मंदीचा भार कोणाच्या माथी?

धंद्याला बरकत असते त्या दिवसांत नफ्याची वाटणी कशी झाली याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. मंदी आली म्हणजे मात्र तोट्याची वाटणी कशी करावयाची, हा प्रश्न टाळू म्हटल्याने टळत नाही. अशा वेळी धंदा चालविणाऱ्यांपुढे बहुधा तीन मार्ग असतात. माणसे कमी करावी, हा पहिला. धंदाच बंद करावा किंवा दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, हा दुसरा. आणि काम तेच व तेवढेच ठेवून ते आपल्या आवाराबाहेर, ठेकेदाराच्या हातून, कमी खर्चात करून घ्यावे, हा तिसरा. या तिसऱ्या मार्गाला हल्ली आउटसोर्सिंग हे नाव रूढ झाले आहे. विमान कंपन्यांच्या बातम्यांमुळे ते नाव सर्वतोमुखी झाले. परंतु सोलापूर जिल्ह्याला हे तिन्ही मार्ग फार पूर्वीपासून परिचित आहेत. इतकेच काय, देशाच्या कामगार कायद्यातील काही महत्त्वाच्या कलमांचा इतिहास याच जिल्ह्यात शोधावा लागतो.

प्रथम गिरणीची हकीकत पाहू. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ च्या सुमारास चालू झाली. पुढे शहरात आणखी गिरण्या निघाल्या, तेव्हा हिला ‘जुनी गिरणी’ हे नाव पडले. तिच्या भोंग्यावर हजारो घरांचे उठणे, जेवणे व निजणे चाले. २७ जुलै १९४९ रोजी संचालकांनी गिरणी बंद करण्याची नोटीस कामगारांना दिली आणि बरोबर एक महिन्याने, २७ ऑगस्टला, गिरणी बंद झाली. गिरणी बंद होते तेव्हा केवळ साचे थांबत नाहीत. वाणी उधारी आवरती घेतो, खोलीचे भाडे थकते, मुलाची शाळा सुटते, आणि जो गावाकडे परत जाऊ शकतो तो जातो. ज्याला गावाकडे जमीन नाही, त्याला जावयास जागाच नसते.

मध्यवर्ती सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी खास वटहुकूम काढून या गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढे त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. गैरव्यवस्थेमुळे आवश्यक मालाच्या उत्पादनाला बाध आला व एका वर्गात गंभीर बेकारी उत्पन्न झाली, असे कारण त्यात नमूद होते. बेकारी हे एका खाजगी कंपनीचा कारभार काढून घेण्याचे कारण होऊ शकते, ही गोष्ट त्या काळी नवी होती. साहजिकच ती न्यायालयात गेली. एका भागधारकाने, एकाच कंपनीसाठी वेगळा कायदा करणे हा समतेचा भंग आहे, असा दावा सर्वोच्च न्यायालयात लावला. ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो फेटाळला गेला. मात्र सरकारने नेमलेल्या संचालकांनी भागधारकांकडून भागांची उरलेली रक्कम मागितली, तेव्हा दुसरा दावा झाला. आणि १८ डिसेंबर १९५३ रोजी त्याच न्यायालयाने, मोबदला न देता मालमत्ता हिरावून घेतली जात आहे, या कारणावरून तो वटहुकूम घटनाबाह्य ठरविला.

या दोन निकालांतून एक व्यावहारिक धडा मिळतो. दार बंद झाल्यावर धावाधाव करून धंदा वाचविणे अत्यंत दुर्घट असते. म्हणून कामगाराचा हक्क दार बंद होण्यापूर्वीच लिहून ठेवला पाहिजे. हा विचार लौकरच कायद्यात उतरला. १९५३ साली देशातील कापड गिरण्यांत न खपलेल्या मालाचे ढीग साचले व कामगारांना घरी बसविण्याची वेळ येऊन ठेपली, तेव्हा सरकारने ऑक्टोबर महिन्यात वटहुकूम काढला व त्यामागोमाग औद्योगिक कलह कायद्यात नवे प्रकरण घातले. काम नसल्यामुळे तात्पुरते बसवून ठेवलेल्या कामगारास निम्मा पगार, आणि कायमची कपात झाल्यास एक महिन्याची नोटीस व नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षास पंधरा दिवसांचा पगार, असा हा नियम होता. वीस वर्षे राबलेल्या माणसास याप्रमाणे तीनशे दिवसांचा पगार मिळावयाचा. ही रक्कम मोठी नव्हे. पण जो काल धर्म म्हणून मागत होता, तो आज हक्क म्हणून मागू लागला.

परंतु ‘कपात’ या एका शब्दाचा अर्थ काय, हा वाद लगेच उपस्थित झाला, आणि तोही सोलापूर जिल्ह्यातच. कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर व मिरज ही गावे तिने जोडली. आषाढी-कार्तिकीला तिच्या डब्यांतून वारकऱ्यांची किती गर्दी होई, हे जुन्या माणसांच्या तोंडून अनेकांनी ऐकले असेल. ही रेल्वे विलायतेतील एका कंपनीच्या मालकीची होती. सरकारने ती १ जानेवारी १९५४ पासून ताब्यात घेण्याचे ठरविले. तेव्हा कंपनीने आपल्या सर्व नोकरांना नोकरी संपल्याची नोटीस दिली. सरकार त्यांपैकी बहुतेकांना कामावर घेणार होते व त्याने घेतलेही. कामगारांचे म्हणणे असे की, कंपनीने आमची नोकरी संपविली, तेव्हा भरपाई दिलीच पाहिजे. कंपनीचे म्हणणे असे की, धंदाच आमच्या हातून गेला, तेथे कपात कसली?

२७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. चालू धंद्यात माणसे अधिक झाली म्हणून काढली तर ती कपात. धंदा बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. न्यायालयाने कायद्याची अक्षरे पाहिली व अर्थ सांगितला. पण कामगाराच्या बाजूने पाहिले तर परिणाम विलक्षण होता. दहा माणसे काढली तर भरपाई मिळणार, आणि सगळीच काढली तर काहीच नाही! ही विसंगती दूर करण्यासाठी १९५७ साली संसदेने कायदा सुधारला व त्याचा अंमल निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २८ नोव्हेंबर १९५६ पासून, धरला. धंदा दुसऱ्याकडे गेला तर नव्या मालकाने जुनी नोकरी अखंड मानावी व अटी कमी करू नयेत, नाही तर भरपाई द्यावी लागेल. धंदा बंद झाला तरीही भरपाई द्यावी लागेल. अपरिहार्य कारण असेल तर ती तीन महिन्यांच्या पगारापुरती मर्यादित होई. परंतु केवळ पैशाची अडचण किंवा न खपलेला माल साचणे, हे अपरिहार्य कारण समजू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. मंदीची सबब भरपाई बुडविण्यास पुरेशी नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

येथवर ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याची व्यवस्था झाली. ज्याचे नाव कोठेच नाही त्याचे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी सोलापूरच्या पूर्व भागातील कोणत्याही वसाहतीत जावे. तेथे उंबऱ्याशी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया दिसतील. त्यांत तेलुगू भाषक घरे पुष्कळ आहेत. पाने भिजवावी, पत्र्याच्या मापाने कातरावी, तंबाखू भरून वळावी, दोरा बांधावा, आणि मोजून पेढीवर न्यावी. तेथे तपासनीस मनास येईल तेवढी छाट काढतो. मजुरी हजारावर मिळते. छप्पर कामकरणीचे, दिवा तिचा, कातर तिची, आणि तंबाखूची धूळही तिच्याच मुलाबाळांच्या श्वासात. कारखान्याला लागू होणारा १९४८ चा कायदा माणसांच्या संख्येवर अवलंबून होता. काम घरोघरी वाटून दिले की संख्या भरतच नसे.

या पद्धतीची खरी मेख मंदीत कळते. अशा कामकरणीस काढून टाकण्याची गरजच पडत नाही. नोटीस नाही, पत्र नाही, तारीख नाही. आठवड्यात पाने कमी मिळू लागतात, इतकेच. ज्या घटनेवर भरपाईचा हक्क उभा राहावयाचा, ती घटनाच घडत नाही.

विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली जो कायदा झाला, त्याचे महत्त्व येथे आहे. घरी बसून काम करणाऱ्यांनाही त्याने कामगार मानले, आणि मध्ये ठेकेदार असला तरी ज्याच्यासाठी काम होते त्या मूळ मालकास जबाबदार धरले. कारखानदारांनी त्यास आव्हान दिले. ३१ जानेवारी १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची ही चौकट मान्य केली. १९७६ साली विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ साली ती त्यांच्या स्वाधीन झाली. कागदावर नाव आले म्हणजे काय घडू शकते, याचा हा पुरावा होय. १९६६ चा तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. त्यातील तत्त्व विलीन होता कामा नये, याकडे लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

आता विमानांकडे वळू. ऑक्टोबर २००८ मध्ये जगभर मंदीचे सावट पसरले असता जेट एअरवेज या कंपनीने सुमारे १,९०० नोकरांना एकाएकी काढले. मोठा गहजब झाला व थोड्याच दिवसांत त्यांना परत घेण्यात आले. तीच कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली, तेव्हा परत घेणारा कोणी उरला नाही. ऑस्ट्रेलियातील क्वांटास कंपनीने २०२० साली महामारीच्या मंदीत विमानतळावरील सामान चढविणे-उतरविणे इत्यादी कामांतील सुमारे १,७०० जणांना काढून ते काम बाहेरच्या कंपन्यांना दिले. खर्चाची अडचण खरी होती. परंतु कामगारांना पुढे संघटितपणे मागणी करता येऊ नये हाही एक हेतू होता, हे शाबीत झाले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही कृती बेकायदा ठरविली. पुढे बारा कोटी डॉलर भरपाई व ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी नऊ कोटी डॉलर दंड, असा भुर्दंड कंपनीस पडला. तरीही गेलेली नोकरी त्या माणसांना परत मिळाली नाही. जुन्या गिरणीचा धडा तेथेही खरा ठरला.

सोलापूरच्या विमानतळाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली, आणि ९ जून २०२५ पासून तेथून गोव्याकडे विमान जाऊ लागले. जिल्ह्याला ही सोय हवीच होती. पण विमानाबरोबर सामान वाहणारे, झाडलोट करणारे व पहारा देणारेही येतात. त्यांच्याविषयी नागरिकांनी आताच तीन प्रश्न विचारावेत. यांची नावे कोणाच्या पटावर आहेत? ठेकेदार बदलला तर यांची जुनी वर्षे मोजली जातील काय? आणि काम कमी झाले तर ते लेखी कळविण्याची जबाबदारी कोणाची? पहिला प्रश्न विडी वळणाऱ्या स्त्रियांनी विचारला होता, दुसरा बार्शी लाइटच्या नोकरांनी, आणि तिसरा त्या दोघांच्याही अनुभवातून निघतो. उत्तरे मागण्याची योग्य वेळ, धंदा तेजीत असतो तीच होय.