ग्रेट गेबलच्या माथ्यावर



इंग्लंडात डोंगर आहेत, हेच आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. वायव्येकडील सरोवरांच्या प्रदेशातला ग्रेट गेबल हा 899 मीटर उंचीचा पहाड आम्ही चढलो. आकडा ऐकून हसू नये. आपली कळसूबाई 1646 मीटर आहे खरी. परंतु येथे वाट दगडांच्या राशींत हरवते आणि भर उन्हाळ्यातही धुके बघता बघता माणसाला वेढून टाकते.

सीथ्वेट या वाडीपासून आम्ही निघालो. येथे वर्षाला 3,000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकणच्या माणसाला हे गाव परके वाटू नये. चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे तर थेट आपलेच! मात्र त्यांच्या आड आंबे-फणस नव्हेत, करड्या हर्डविक मेंढ्या. स्टायहेड खिंडीच्या वर गवत सरले, खडक सुरू झाला. हा खडकही ज्वालामुखीचाच. पण सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यापुढे साडेसहा कोटींचा आपला सह्याद्री अगदीच पोरसवदा म्हणावा लागेल.

धुके उतरले तेव्हा परत फिरावे की काय, यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. अखेर ठरले ते एवढेच: वाटेवर खुणेसाठी रचलेला पुढचा दगडांचा ढीग दिसल्याखेरीज मागचा सोडायचा नाही, न दिसला तर माघार. अशा रीतीने, होकायंत्र हाती धरून, आम्ही माथा गाठला.

तेथे खडकात बसविलेला कांस्यपट आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या, एकाच गिर्यारोहण मंडळाच्या 20 सभासदांची नावे त्यावर आहेत. त्यांच्या सोबत्यांनी पुतळा उभारला नाही. भोवतालची सुमारे 3,000 एकर डोंगरभूमी विकत घेऊन ती नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली, की कोणीही यावे, चढावे. स्मारकाची ही रीत आम्हांस फार भावली. 8 जून 1924 रोजी पटाचे अनावरण झाले. युद्धात पाय गमावलेले जेफ्री विन्थ्रॉप यंग तेथे बोलले. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेतले डॉक्टर वेकफील्डही हजर होते. नेमक्या त्याच दिवशी एव्हरेस्टवर मॅलरी आणि अर्विन दिसेनासे झाले!

दर नोव्हेंबरात, स्मृतिदिनाच्या रविवारी, थंडीवाऱ्यात शेकडो माणसे हा पहाड चढून येतात. अकरा वाजता दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहतात, आणि मग आपापल्या वाटेने उतरू लागतात.