आर्थर राजा का हसला?



ज्यांचे राज्य गेले त्यांना पूर्वजांचे पराक्रम गोड वाटावेत, यात नवल नाही. परंतु ते पराक्रम सांगावयाचे कशासाठी? वेल्सच्या मध्ययुगीन कथाकारांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ देश. १२८२ साली त्याचा अधिपती लेवेलिन इंग्रजांशी लढताना पडला आणि स्वातंत्र्य लयाला गेले. पुढील सव्वाशे वर्षांत मात्र तेथील जुन्या कथा ‘हेर्गेस्टचा तांबडा ग्रंथ’ या विशाल हस्तलिखितात स्वभाषेत लिहिल्या गेल्या. त्यांतलीच एक ‘रोनाब्वीचे स्वप्न’.

बाराव्या शतकातला हा रोनाब्वी पॉविसच्या मादोग राजाचा शिपाई. राजाच्या बंडखोर भावाच्या शोधात निघालेला तो एका घाणेरड्या, पिसवांनी भरलेल्या घरात बैलाच्या पिवळ्या कातड्यावर झोपी जातो. स्वप्नात त्याला सेव्हर्न नदीकाठी आर्थर राजाची अफाट सेना दिसते. या खुज्या माणसांकडे पाहून आर्थर हसतो. विचारल्यावर तो सांगतो की, हे हसू नव्हे, खेद आहे. थोर वीरांनी राखलेले हे बेट आता असल्या क्षुद्रांच्या हाती राहिले!

कथा एवढ्यावरच थांबती, तर ती गतवैभवाचे रडगाणे ठरती. पण कथाकार आर्थरलाही सोडीत नाही. आर्थर व ओवाइन पटावर सोंगट्या खेळत बसतात. तिकडे आधी आर्थरची माणसे ओवाइनचे कावळे मारतात, मग कावळे आर्थरच्या माणसांना फाडतात. खेळ मात्र चालूच! भाट जे गीत गातात ते राजाच्या स्तुतीचे, एवढेच लोकांना कळते. अर्थ बहुतेक कुणालाच उमगत नाही. तीन दिवस व तीन रात्रींनी रोनाब्वी जागा होतो तो त्याच कातड्यावर.

बंधुभगिनींनो, यातले मर्म ओळखा. पूर्वज हा आरसा आहे, उशी नव्हे. त्यात स्वतःचा खुजेपणा पाहावा आणि पूर्वजांचे दोषही झाकू नयेत.

ज्या वेल्श भाषेला १५३६ च्या कायद्याने न्यायालयाबाहेर घालविले, तिला २०११ साली वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला. तो आर्थरने परत येऊन दिला नाही. ती भाषा न सोडणाऱ्या साध्या माणसांनी मिळविला. त्या हसण्याला याहून चोख उत्तर कोणते?