दिंडीतली वीणा



देवळाचे काम तडीस गेले. भजनी मंडळाची वीणा कोणाच्या गळ्यात असावी, यावर मात्र दोन आळ्यांत अबोला आहे.

शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली माऊलींच्या पालखी सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले. दिंडीत मान वीणेकऱ्याचा. त्याचा गळा सर्वांत गोड असतोच असे नाही. मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि टाळ थांबतात. तक्रार असलेल्या दिंडीचे टाळ तेवढे वाजतच राहतात. तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतात, मगच आरती. कचेरीत अर्जांचे गठ्ठे बांधणाऱ्या माझ्यासारख्याला याचे फार नवल वाटते!

येत्या एकादशीला भजनाआधी दोन्ही आळ्यांचे म्हणणे सभामंडपात ऐकावे, अशी पंचमंडळींना नम्र विनंती आहे.